केळवणाच्या पंगतीत

काल पुतण्याच्या केळवणाला माझी मुलगी मुक्ता समोरच बसली होती. ती वरणभात कालवत होती, निवांत, आणि माझी नजर तिच्या हातावरून हलत नव्हती.

कॉलेजात असताना तिनं जेवण जवळजवळ सोडलं होतं. हाडं दिसत असूनही आरशात तिला जाडी मुलगीच दिसायची. घरात सगळ्यांना तो हट्ट वाटला. हा मनाचा आजार आहे, हे मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं. मग औषधं, समुपदेशन, ठरवून दिलेलं जेवण आणि घासाघासाला रडणं. भूक लागणं किती साधं वाटतं आपल्याला! तिला ती पुन्हा शिकावी लागली.

वाढता वाढता तिची आत्या म्हणाली, "मुक्ते, मध्ये किती छान बारीक झाली होतीस गं!"



मुक्तानं मान वर केली. "आत्या, तेव्हा मी आजारी होते. आता बरी होतेय."

भरल्या पंगतीत, इतक्या सहज! तिच्या कुठल्याही निकालानं माझा ऊर असा भरून आला नव्हता.

आत्या ओशाळली. हळूच म्हणाली, "काय वाढू गं तुला?"

"थोडं श्रीखंड. आज खावंसं वाटतंय."