अकोल्यातली सुशी आणि भाऊजींची पंगत

रविवारी सकाळी अमरावतीहून एसटीने अकोल्याला निघाले. महिलांना अर्धं तिकीट, मूर्तिजापूरला बरा चहा, अडीच तासांत अकोला. बहिणीचा फोन होता, "ये, सुशी खायला जायचंय." तिच्या नवऱ्याची, म्हणजे भाऊजींची, कापसाची जुनी वखार आहे. अमेरिकेतल्या यादवीने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची. वखारीच्या एका कोपऱ्यात अकोटच्या विलासने आठ स्टुलांचं जपानी हॉटेल काढलंय. नऊ वर्षं तो ओसाकात स्वयंपाकी होता. त्या दिवशी जेवून भाऊजी ठरवणार होते, जागा त्याच्याकडे ठेवायची की बिर्याणीवाल्याला द्यायची.

विलास कच्चा मासा ठेवत नाही. "इथं ताजा समुद्राचा मासा भेटत नाई, तं कावून खोटं बोलू?" हे मला आवडलं. काकडी, भाजलेलं वांगं, गोडसर अंडं. आठ घासांचे दोनशे रुपये. समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पापुद्र्यात कोमट आंबटगोड भात गुंडाळून त्याने पहिला घास भाऊजींच्या हातात दिला.

"काका, लगेच खाऊन घ्या. मंग नरम पडते."

"अबे, व्याही याचे हायेत अजून अन् मी आधी खाऊ? सगळ्यायले वाढ, मंग."

भाऊजींनी घास ताटलीत ठेवला. बहिणीनेही ठेवला. माझा आला तसा मी तोंडात टाकला. पापुद्रा कुरकुरला, भात विरघळला. बहिणीने डोळे वटारले. ते दोघे व्याही येऊन गाडी लावेपर्यंत वीस मिनिटं गेली.

मग भाऊजींनी चावलं. "हे काय, भिजलेला पापड?"

"काका, दुसरा करून देतो. एकच."

विलासने नवा घास करून हात पुढे केला. भाऊजी उठलेसुद्धा. "राहू दे. बिर्याणीच बरी."

संताप झाला. माणूस सांगतोय कसं खायचं, तर ऐकायचं नाही, आणि वर नावं त्यालाच ठेवायची! संताप स्वतःचाही आला. तीस वर्षं वर्गात कुणाची गय केली नाही. बहिणीच्या नवऱ्यापुढे मात्र तोंड उघडलं नाही. विलासने हातातला घास मला दिला. मी तो लगेच खाल्ला.

संध्याकाळच्या गाडीने घरी आले. चव अजून आठवते, त्याचा पुढे केलेला हातही. बहिणीचा फोन आला: महिनाअखेर जागा रिकामी होईल. तोवर अकोल्याला जाणार असाल तर वखारीत जा. हातात पडलं की खा. कुणासाठी थांबू नका.