पिंगळ्याची भूक, चिचुंद्रीची भूक

मंडळी, आज सकाळी उंदरांच्या पिंजऱ्यात चिचुंद्री अडकली. अचलपूरची एसटी गाठायची होती, म्हणून बायकोला म्हटलं, "सांजच्याले आल्यावर सोडतो."

बाहेर कडुनिंबावर पिंगळा, ते छोटं घुबड, डोळे मिटून बसला होता. दोघंही किडे खाणारे. पण हा शिकारी रात्री पोट भरून दिवस निवांत काढतो, आणि चिचुंद्री काही तास उपाशी राहिली तरी मरते, असं वाचलेलं आठवलं. परत फिरलो.

"राहू द्या ना तिले," बायको हसली. "तुमी नाई का गुरुवार धरत?"

"मले सांजच्याले जेवाचं हाय, हे माहीत असते. तिले नाई."

गुरांच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगाजवळ किडे असतात, तिथं पिंजरा उघडला. एसटी चुकली.

देवानं दोघांना खाणं सारखंच दिलं, मग भूक अशी वेगळी का दिली असेल? तुम्हाला काय वाटतं?