नानांची बाळंतीण

जोड पुरा झाला की नाना वेल्डर आधी गोधडी मागत. ती असायची उष्णता धरून ठेवणारी जाड पांढरी चादर, पण त्यांच्या तोंडी गोधडीच. जोडाभोवती ती गुंडाळून, भोवतीचे पडदे ओढून ते दटावत, "बाळंतीण शे ती. तिले वारा लागू नका देऊ!"

मी त्याच साखर कारखान्यात देखभालीची इंजिनीअर, नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली. मला हसू आवरेना. पण होतं खरंच तसं! बॉयलरच्या वाफेचा जाड पाइप वेल्डिंगनंतर जोडापाशी ठिसूळ होतो. मग तो विजेच्या कॉइलने तापवून, सावकाश निववून नरम करावा लागतो. नाना त्याला 'शेक' म्हणत. "बिनशेकनी बाळंतीण जन्मभर कुरकुर करस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

ऐन हंगामात मुख्य पाइपच्या जोडाला चीर गेली आणि गाळप थांबलं. आवारात गाड्यांची रांग, शेतात तोडून पडलेला ऊस, आणि वर धुळ्याचं ऊन. जोड नेमका व्हॉल्व्हला चिकटून. शेक द्यावा तर व्हॉल्व्ह आतून वाकणार, नवा यायला वेळ लागणार, आणि तोवर उसाचं चिपाड. मी डोक्याला हात लावला.

"शेगडी नही ना, ताई? मंग तिले लेकरूनी ऊब देऊ," नाना म्हणाले.

ही रीत मी वाचली होती, त्यांनी एका जुन्या कामावर केली होती. पहिला थर पातळ टाकायचा, दुसरा जास्त आचेचा. वरच्या थराची, म्हणजे नानांच्या लेकराची, धग खालच्याला नरम करते. आम्ही वाद घालत, चहा पीत, आधी तुकड्यावर करून पाहिलं आणि बॉयलर निरीक्षकांची मंजुरी घेतली. मग नाना पाइपखाली आडवे झाले. मी तापमान सांगायची, ते तेवढाच हात चालवायचे.

शेवटचा थर पडला, गोधडी चढली आणि कारखान्याच्या शेतकी खात्याचे प्रमुख आबा नारळ घेऊन हजर! त्यांच्याच गावांचा ऊस वाळत होता, बिचाऱ्यांना धीर कुठला? आमच्याकडे नारळ कामावरच फोडायची रीत. आबांनी गोधडी सारली, हात उगारला.

"आबा!" नाना गरजले. "बाळंतीणवर गार पाणी टाकतस का?" आणि वरच्या वर त्यांनी नारळ धरला.

आबांपुढे आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. आबांनी नानांकडे पाहिलं, धगधगत्या जोडाकडे पाहिलं, आणि गोधडी सारखी केली. म्हणाले, "मंग बारसाले फोडू." सगळे खो खो हसले.

जोड निवला. तपासणीत केसाएवढीही चीर निघाली नाही. वाफ सुटली, गाड्या हलल्या, आणि मी सगळ्यांदेखत रडले. आबांनी दाराबाहेर नारळ फोडून पहिलं खोबरं नानांच्या हातावर ठेवलं.

नाना आता निवृत्त होऊन गावी असतात. गाळप सुरू झालं की त्यांचा फोन येतो. यंदाही आला.

"नाना, तब्येत कशी आहे?"

"मनी तब्येत ऱ्हाऊ दे. बाळंतीण कशी शे?"

"ठणठणीत!"

"आनि नारळ कोठे फोडा?"

"दाराबाहेर, नाना."

"मंग बरं शे," म्हणाले, आणि फोन ठेवला.