सटवाजी मेंबरानं आणलेला माठ

सटवाजी मेंबर शहाणा माणूस. पण शहाण्याचं चुकतं ना, तेव्हा लई महागात पडतं.

लातूर जिल्हा नवा झाला आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीवर अहमदपूर तालुक्यातल्या एका बौद्धवाड्यातला सटवाजी जाऊन बसला. स्वतः चौथी शिकलेला, पण बैठकीत उभा राहिला की साहेबलोक घाईघाईनं कागद चाळायला लागायचे. कोणत्या शाळेला छप्पर न्हाई, कुठं एकच गुरुजी चार वर्ग हाकतो, सगळं त्याला तोंडपाठ. वर्षभर हेलपाटे घालून त्यानं आपल्या गावाला सातवीचा वर्ग मिळवला आणि गणितात पक्के असलेले एक जादा गुरुजीही. वाड्यातून सातवीला बसणारी पहिली पोरगी म्हणजे त्याची पुतणी सिंधु. थोरला भाऊ वारलेला. हिला मॅट्रिक केल्याबिगर मी मरत न्हाई, असं सटवाजी एसटीत शेजारी बसणाऱ्यालाही सांगायचा.

मग दुष्काळ पडला. हापसे कोरडे झाले. टँकर अमृतराव पाटलाच्या विहिरीत रिता व्हायचा आणि तिथल्या पाण्यानं शाळेचा माठ भरायचे. एक दिवस सिंधुनं त्या माठात तांब्या बुडवला आणि गावभर बोभाटा झाला. दुसऱ्या दिवशी गावातली वीस पोरं घरी बसली. हेडगुरुजी हबकले, पट असाच उतरला तर जादा गुरुजींची बदली ठरलेली. अमृतरावांनी गोड बोलून तोडगा काढला, वाड्यातल्या पोरांना वेगळा माठ ठेवा, पाऊस पडेस्तोवर.

अरे, लहानपणी ज्यानं ओंजळीत वरून ओतलेलं पाणी पिलं, त्याला हे कळू नये? कळलं की! पण दगडापेक्षा वीट मऊ, अशी सटवाजीनं मनाची समजूत घातली. गुरुजी टिकले तर सिंधु शिकेल, माठाचं काय, चार महिन्यांचा प्रश्न. वाड्यातून कुणी ओरड करू नये म्हणून त्यानं स्वतःच बाजारातून दणकट माठ आणला आणि शाळेच्या ओसरीच्या दुसऱ्या टोकाला मांडला. वीस पोरं परत आली, गुरुजी टिकले. सिंधु मात्र यायची बंद झाली.

आधी त्याला वाटलं, पोरीला ताप असंल. मग कळलं, ती आईसंगं रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडतीय. तो भर उन्हात तिथं गेला. काकाला बघून सिंधुनं घमेलं उचललं आणि ती पलीकडं निघून गेली. तिची आई चतुराबाई तेवढी थांबली. सटवाजी बोलतच सुटला, की वैनी, परीक्षा तोंडावर आलीय, माठ आजच उचलतो, पोरीला धाडा.

चतुराबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"भावजी, गावानं माठ ठेवला असता तर ती भांडली असती," ती म्हणाली. "तुमच्याकडं आली असती तक्रार घेऊन. तुमीच ठेवला. आता तिनं कुणाकडं जावं?"

सटवाजीनं त्याच सांजेला माठ उचलला. आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवशी एकही पोरगं घरी बसलं नाही. परीक्षा जवळ आलेली, कोण बसतंय? पाटलाच्या नातवासकट सगळी एकाच माठाचं पाणी प्यायली. म्हणजे पहिल्यांदाच जरा दम धरला असता तर भागलं असतं. ही गोष्ट त्याला आतून खात राहिली. सिंधु काही परत आली नाही.

दोन वर्षांनी तिला हदगावकडं दिली. लग्नाच्या बोलणीत सटवाजीनं हात जोडून विनवलं, पोरगी हुशार हाय, तिला पुढं शिकवा. होणारा सासरा साधा माणूस, त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. त्यानं सहज विचारलं, "चुलता शिक्षणाचा मेंबर, त्यानं पोरीला सातवी केली न्हाई. मग आमी मॅट्रिक कशी करावी?"