उम्र भर की शिकस्त

चिखलीच्या मराठी शाळेतले भगवंतराव मास्तर उर्दूच्या नादी लागले ते निव्वळ आवाजापायी. शेजारचे मौलवीसाहेब कविता म्हणू लागले की भिंतीअलीकडे मास्तरांचा पाय आपोआप ठेका धरायचा. अर्थ काडीचा कळत नसे. पण झपाटला तो माणूस! घशातला क काढताना ठसका लागे, ‘ज़ुबाँ’ म्हणताना जीभ अडे, आणि शाळेतले मास्तरलोक टोचत, "काऊन हो, घरची भाषा आटली का?" मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात त्यानं बढती थोडीच मिळणार होती! मास्तरांना हवं होतं एकच: मौलवीसाहेबांनी म्हणावं, हा आमच्यातला शायर.

गावात भरणाऱ्या मुशायऱ्यासाठी त्यांनी नव्या ढंगाची, बिनयमकाची, नुसत्या लयीवर चालणारी नज्म लिहिली. शेवट असा:

"ऐ ज़ुबाँ, तेरी ख़ातिर
उम्र भर की शिकस्त."

एकेक परका शब्द त्यांनी मौलवीसाहेबांना विचारून पक्का केला होता. ‘शिकस्त’ तेवढा विचारला नाही. तो तर घरचाच! बायको, सत्यभामाबाई, म्हणाली, "खरंच हो, लय शिकस्त केली तुमी. आता तरी त्याहिले समजन."

शुक्रवारी दुपारी उर्दू शाळेच्या पटांगणात मास्तर उभे राहिले. उच्चार चुकला नाही, लय मोडली नाही. शेवटच्या ओळीला तर लोक उसळलेच. वाहवा! मुकर्रर! तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणवली. मास्तरांचे डोळे भरून आले.

मौलवीसाहेबांनी त्यांना छातीशी धरलं. "मास्टरसाब, आज तुम्ही आमच्यातले शायर! सारी जिंदगी घातली अन् तरी हरलो, हे भरसभेत कबूल करायला काळीज लागतं."

"हरलो?"

मास्तरांनी ती ओळ मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिली. त्यांनी लिहिलं होतं, जन्मभर जिवापाड धडपड केली. लोकांनी ऐकला जन्मभराचा पराभव. उर्दूत शिकस्त म्हणजे हार, आणि तो मेला ‘की’ दोन्हीकडून फितूर: ‘केली’लाही की, ‘ची’लाही की. खरं सांगावं तर हसं, न सांगावं तर ती वाहवा आपली नाहीच. आग लागो त्या शब्दाला! मान खाली घालून ते "शुक्रिया" म्हणाले. तोही उच्चार बिनचूक होता.

घरी सत्यभामाबाई दारातच उभी होती. "समजली काहो त्याहिले तुमची शिकस्त?"

"हाव," मास्तर म्हणाले. "त्याहिले लगेच समजली. मलेच उशिरा समजली."