मिठाच्या अंगणातला बोका

"माझ्या मिठाला नावं ठेवायची नाहीत, सांगून ठेवते!" बी झेनाने सुरी परातीत आपटली.

"मिठाला कोण बोलतंय, आई? मी बोक्याचं बोलतेय," सून रुकिया म्हणाली. "डॉक्टर केरूबोंनी खारी मासळी बंद सांगितली ना? आणि आज सकाळी स्वारी मासळी वाळवायच्या माचाखाली सुरमईचं अख्खं शेपूट चघळत बसली होती."

"म्हणजे मीच मारतेय त्याला, असं म्हण की सरळ."

रुकियाने कपाळाला हात लावला.

केनियातल्या लामू बेटावरच्या त्या गल्लीत बी झेनाची खारी मासळी म्हणजे अभिमानाची गोष्ट होती. नवऱ्याला समुद्राने गिळलं तेव्हा मुलगा अथमान रांगत होता. भावांनी बोलावलं, पण ती गेली नाही. अंगणात काठ्यांचा माच बांधला, मासळी खारवली, वाळवली आणि त्याच मासळीवर मुलाला वाढवलं. मोंबासाच्या बायका तिची मासळी मुद्दाम मागवून घेत. मोठ्या व्यापाऱ्याने किनाऱ्यावरच्या आपल्या माचांवर वाळवायला सांगितलं, तर म्हणाली, "दुसऱ्यांच्या ओळीत माझा माच बसत नाही."

नाहोदा या बोक्याचा जन्मही त्याच माचाखालचा. गेलं वर्षभर तो पाणी फार प्यायचा, न्हाणीच्या टाक्यात तोंड घालून लपलप लपलप. सगळे हसायचे. खाऱ्या घरातलं मांजर, तहान लागणारच! तोंडाला घाण येत होती. पण जिथे सकाळ-संध्याकाळ मासळी फाडली जाते, तिथे ती कुणाच्या नाकाला कळणार? कणा वर आला, तर वय झालं म्हणाले. मग एक दिवस त्याने ताज्या मासळीकडेही पाठ फिरवली. बी झेनाने त्याला आपल्या अंगावरच्या कांग्यात, छापील सुती वस्त्रात, गुंडाळलं आणि जिथे गाढवंच जास्त येतात त्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर केरूबोबाईंनी पोट चाचपलं. मूत्रपिंडं लहान, खडबडीत लागली. लघवी पाण्यासारखी फिकी. रक्त मोंबासाला तपासून आलं, तेव्हा खात्री झाली.

"मूत्रपिंडं निकामी होत चाललीयत, बी. हे बरं होत नाही, पण सांभाळलं तर बरेच दिवस सुखाने काढेल."

"मिठाने झालं?" तिने हळूच विचारलं.

"मिठाने नाही. म्हातारपणी पुष्कळ मांजरांना होतं. पण यापुढे खारं आणि काट्याकुट्याचं वर्ज्य. बिनमिठाची कोंबडी, अंड्यातलं पांढरं, त्यात ही औषधाची पूड. आणि रोज कातडीखाली सलाइन."

यातलं 'मिठाने नाही' एवढंच घेऊन बी झेना मान ताठ करून घरी आली. सलाइन मात्र तिने एक दिवस चुकवलं नाही. त्यानेच बोक्याची भूक परतली, आणि भुकेला आधी आठवला तो माच.

"वरच्या खोलीत कोंडू त्याला," अथमान दारातून म्हणाला. "मऊ गादी घालू."

"तुला कोंडते आधी. जन्मभर ओट्यावर बसून गल्लीची उठाठेव केलीय त्याने. भिंती बघत मरेल?"

"मग तूच सांग, आई! एक तर बोका आत, नाही तर मासळी बाहेर."

बी झेनाने हात धुतले. मग सलाइनची बाटली खुंटीला अडकवली. रुकियाने नाहोदाला मांडीवर घेतलं. बी झेनाने खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोडली. पूर्वी लगेच बसायची. आता उभीच राहिली, सावकाश खाली आली. तिने सुई सरकवली. बोका गुरगुरला, मग रुकियाच्या कोपरात डोकं खुपसून पडून राहिला.

"किती हलका झालाय हो," रुकिया म्हणाली.

"हं."

बाटलीतलं पाणी उतरेपर्यंत बी झेना माचाकडे बघत होती. मग सुई काढून उठली.

"अथमान, उद्या हा माच उतरव. मासळी या अंगणात वाळणार नाही. मी किनाऱ्यावर त्या व्यापाऱ्याच्या ओळीत वाळवीन."

"त्या ओळीत? तू? लोक म्हणतील, बी झेना बोक्यापायी गेली."

"बोक्यापायीच चाललेय. विचारलं तर तसंच सांग. मी संध्याकाळी परत येत जाईन. दुपारचं त्याचं खाणं आणि सुई रुकियाकडे."