दुसऱ्या कडव्याची थप्पड

धुळ्याला कॉलेजात होते तेव्हा शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट म्हणून आम्ही एका अहिराणी गाण्याचा व्हिडिओ करायला घेतला. गाणं माझ्या मैत्रिणीचं. तिनंच लिहिलं, तिनंच म्हटलं. मार खाणारी बायको नवऱ्याला विचारते, "सांग माले, कसाले मारस?" चाल इतकी सोपी की हॉस्टेलच्या मुली नळावर बादली भरतानाही ते गुणगुणायच्या.

बायको मी होणार होते. नवरा म्हणून साक्रीकडच्या एका वर्गमित्राला घेतलं, कारण तो उंच होता आणि आमच्या वर्गात धड मिशी फक्त त्यालाच होती. स्वभावानं तो अगदी मऊ. कँटीनमध्ये कुणी रांगेत घुसलं तर हा मुकाट्यानं मागं सरकायचा. डायरेक्टरही आमच्याच वर्गातला. त्यानं आधी बाहेरच्या गाण्यांवर असिस्टंट म्हणून काम केलेलं, त्यामुळे सेटवर त्याच्यासमोर कुणी बोलत नसे.

स्टुडिओ म्हणजे हायवेलगत एका लग्नाच्या हॉलमागची पत्र्याची शेड. एरवी तिथं प्री-वेडिंगचे फोटो निघायचे. एका भिंतीवर बदामाच्या आकाराची गुलाबी कमान होती. तिच्यावर चादर टाकून आम्ही पुढं स्वयंपाकघर मांडलं होतं: शेगडी, फळी, पितळी डबे, माझ्या घरून आणलेली परात. मे महिना होता. वर पत्रा, समोर दोन मोठे लाइट, आणि पदर उडतो म्हणून पंखा बंद.

दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला नवरा ताट भिरकावतो आणि बायकोच्या थोबाडीत मारतो, असं ठरलं होतं. हात गालाजवळून न्यायचा आणि मी मान फिरवायची, एवढंच. आम्ही ते बऱ्याचदा केलं. दर वेळी डायरेक्टर मॉनिटरवर बघायचा आणि मान हलवायचा.

"खोटं दिसतंय. गॅदरिंगचं नाटक आहे का हे? एकदाच खरी लागू दे."

मी म्हटलं, "हळू चालेल."

वर्गमित्रानं मारली, पण ती थप्पड नव्हतीच. गालावर बसलेली माशी उडवावी तसा त्याचा हात लागला. डायरेक्टर उठून त्याच्या तोंडासमोर गेला.

"बायकोला मारताना कुणाला बघितलं नाहीस का कधी?"

"बघितलंय."

"मग तसं मार ना!"

"बघितलंय म्हणूनच नाही मारणार," तो म्हणाला. त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

डायरेक्टरनं त्याला नवऱ्याचा सदरा काढायला लावला आणि तो स्वतः चढवला. कॅमेरा त्याच्या पाठीमागून लागणार होता, चेहरा दिसायचा नव्हता. कॅमेरा माझ्या मैत्रिणीकडं होता. ती म्हणाली, "जरा जपून हं." त्यानं मान डोलावली. स्पीकरवर गाणं सुरू झालं.

त्यानं पूर्ण ताकदीनं मारलं. तळहात गालावर कमी आणि कानावर जास्त बसला. कानात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि मी शेगडीवर आपटले. ओठ दातांखाली आला. तोंडात रक्ताची चव आली आणि मला वाटलं, झालं, संपला शॉट.

"उठू नको! तशीच राहा! चालू ठेव कॅमेरा!" तो ओरडला. मग त्यानं माझे केस धरले. हे ठरलेलं नव्हतं. केस धरून त्यानं मला वर ओढलं आणि पुन्हा मारलं. मी "नको" म्हणाले. मला ते नीट आठवतं, कारण माझाच आवाज मला एकाच कानानं ऐकू आला. त्याला वाटलं असेल मी अभिनय करते आहे, किंवा त्याला काहीच वाटलं नसेल.

तेवढ्यात तो माझ्यासमोरून नाहीसा झाला. वर्गमित्रानं त्याला कमरेतून उचलून डब्यांच्या फळीवर फेकलं होतं. फळी कोसळली, डबे घरंगळले. एक लाइट स्टँडसकट पडला आणि बल्ब फुटून काचा उडाल्या. बनियनवरचा तो मुलगा डायरेक्टरच्या छातीवर बसला आणि बुक्क्या मारू लागला. नाकावर, तोंडावर, मध्ये आलेल्या हातांवर. डायरेक्टर आधी शिव्या देत होता, मग "सोड रे" म्हणत होता, मग काहीच म्हणेना. आणि वर्गमित्र ओरडत होता, "मनी मायले मारस? मनी मायले?" माझ्या आईला मारतोस, असं.

शेडचे मालक, ज्यांना आम्ही स्टुडिओवाले भाऊ म्हणायचो, ते धावत आले, पण त्यांच्यानं तो आवरेना. मैत्रीण भिंतीला टेकून रडत होती. वर्गमित्राचा हात परातीकडं गेला. परात जड होती, काठाची. ती त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

मी त्याच्या मनगटाला लोंबकळले. दुसरा शब्द नाही त्याला. सगळं वजन टाकून लटकले आणि त्याच्याच बोलीत ओरडले, "सोड! मरी जाई तो! मी बरी शे, देख माले!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. तो मला ओळखत नव्हता. त्या क्षणी मला डायरेक्टरपेक्षा त्याची जास्त भीती वाटली. मग त्यानं परात बाजूला जमिनीवर ठेवली.

माझ्या कानाच्या पडद्याला भोक पडलं होतं. डायरेक्टरचं नाक मोडलं होतं आणि पुढचे दात गेले होते. माझे वडील सोनगीरहून मोटारसायकलवर दवाखान्यात आले. माझा चेहरा बघून त्यांनी फक्त विचारलं, "कोणी मारं तुले?" मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी बोलावलं. म्हणाले, मुलांमधली भांडणं आहेत, मिटवून घ्या. डायरेक्टरच्या घरच्यांनी आधीच अर्ज दिला होता, त्यात मारणारा एकच होता: साक्रीचा मुलगा.

"भांडण नंतर झालं सर," मी म्हटलं. "आधी मला मारलं. नको म्हणत असताना मारलं."

"शूटिंगचा भाग होता ना तो?"

वडील खुर्चीतून उठले. "सर, तिचे केस धरले ते कोणत्या भागात येतं?"

आम्ही तिथून सरळ पोलीस ठाण्यात गेलो. स्टुडिओवाले भाऊ साक्षीला आले, मैत्रीणही आली. कॉलेजनं डायरेक्टरला वर्षभरासाठी काढलं. वर्गमित्रावरही गुन्हा दाखल झाला आणि कॉलेजनं त्यालाही निलंबित केलं. पुढं डायरेक्टरच्या आणि वर्गमित्राच्या घरच्यांनी तडजोड केली, त्यांच्यातली केस मिटली. माझी तक्रार मी मागं घेतली नाही. व्हिडिओ झालाच नाही. मैत्रिणीनं ते गाणं नुसतं आवाजात नेटवर टाकलं. लोकांनी खूप ऐकलं.

निलंबन संपल्यावर वर्गमित्राला परत येता आलं असतं, पण तो आला नाही. पुढच्या हिवाळ्यात मी साक्रीच्या बाजारात त्याला गाठलं. तो वडिलांबरोबर मिरच्या विकत होता. आम्ही चहाच्या टपरीमागं उभे राहिलो. मी त्याला म्हटलं, "तू होतास म्हणून वाचले. परत ये. परीक्षा तरी दे."

त्यानं चहाचा कप हातात फिरवला.

"तुला वाचवायला गेलो ते खरं आहे," तो म्हणाला. "पण पहिल्या बुक्कीनंतर तू आठवली पण नाहीस. मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. तू हात धरला तेव्हा तुझा राग आला." त्यानं पलीकडं मिरच्या तोलणाऱ्या वडिलांकडं बघितलं. म्हातारे दिसत होते, एका हातानं कंबर धरून वाकलेले. "लहानपणी मला वाटायचं, हा माणूस रागानं मारतो. त्याला पण असंच बरं वाटत असेल का?"

तू थांबलास, एवढंच मी म्हणाले.

"तू थांबवलंस," तो म्हणाला.

मग वडिलांनी त्याला हाक मारली. त्यानं कप ठेवला आणि जाऊन त्यांच्या हातातला तराजू घेतला, त्यांना बसायला पोतं सरकवलं. मी बसस्टँडकडं निघाले.